भाऊची नोकरी

नव्या गावात राहायला आलो तेव्हा सगळ्यांत आधी कान बिथरले. जुन्या गावात वैनगंगा घराच्या पाठीमागेच होती. चुलीपाशी बसलं तरी तिचा आवाज असायचा, आणि तो आहे हे कोणाच्या ध्यानातही नसायचं. धरणाचं पाणी येणार म्हणून आम्हाला उचलून कोसभर अलीकडे टेकाडावर आणून ठेवलं. तिथे एका ओळीत पत्र्याची घरं आणि दारांवर निळ्या रंगाने टाकलेले आकडे. वारा सुटला की पत्रे करकरत, वारा पडला की शेजारच्या घरात कोणी तांदूळ निवडतंय तेही ऐकू येई. "कानात बोळा कोंबल्यावानी वाट्टे बाप्पा," असं माय दिवसातून दहादा म्हणायची. लोकांनी जुन्या गावातून येताना दारं काढून आणली, चौकटी आणल्या, आढी-वासे आणले. एका म्हातारीने अंगणातली माती टोपलीत भरून आणली. मागे उरल्या नुसत्या भिंती, आणि शाळेची घंटा. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा. तो शाळेपुढच्या कडुलिंबाला साखळीने टांगलेला होता, आणि ती साखळी वर्षानुवर्षांत झाडाच्या सालीत अशी रुतली होती की झाड तोडल्याशिवाय निघणारी नव्हती. झाड तोडायला कोणाचा हात धजला नाही.

त्या जूनमध्ये माझा मोठा भाऊ हरिदास याला नोकरी लागली. आमच्या ढिवर, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातला तो पहिला पदवीधर. बी.ए. झाला, बी.एड. झाला, मग तीन वर्षं कागदांची पिशवी काखेत मारून भंडारा, तुमसर, पवनी अशा मुलाखती देत फिरला. घरी आला की पिशवी खुंटीला लावायचा आणि "कळवतो म्हने" एवढंच सांगायचा. या तीन वर्षांत बाने, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला कधी नदीवर नेलं नाही. शिकलेल्या पोराने जाळं फेकलं तर शिक्षण पाण्यात गेलं असं लोक म्हणतील, ही त्याला भीती. म्हणून नोकरीची बातमी आली तेव्हा बाने पहिलं काम काय केलं, तर भाऊचं जाळं वळचणीतून काढलं आणि त्याच्या कडेचं शिसं एकेक करून सोडवलं. आमच्यात अशी रीत होती. ज्याला नोकरी लागली त्याच्या जाळ्याचं शिसं काढून डब्यात ठेवायचं, म्हणजे ते जाळं फेकलं तरी बुडत नाही आणि माणसाला परत पाण्याकडे ओढत नाही. ही रीत मी फक्त ऐकली होती, कारण तोवर कोणाला नोकरी लागलीच नव्हती. मायने शिशाच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं. भाऊ भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचा चेहरा नवरदेवासारखा नव्हता. मला वाटलं, लाजला असेल.

शाळा शहापूरकडच्या रस्त्याला आहे, खाजगी आहे, अजून अनुदान यायचं आहे, तोवर पगार निघणार नाही, असं भाऊने सांगितलं. आणि याचं कोणाला म्हणून नवल वाटलं नाही. हे आज शहरातल्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. पण आमच्याकडे नोकरी आणि पगार या तेव्हाही दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि आजही आहेत. बिनपगारी मास्तर गावोगाव होते. इस्त्रीचे कपडे घालून सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, अनुदानाची वाट बघत त्यांची लग्नं व्हायची, पोरं व्हायची, केस पिकायचे. त्यांना सोयरिकीत मान होता, कारण ते "लागलेले" होते. त्यामुळे भाऊ सकाळी दहाला सायकलवर टांग मारून निघाला की मोहल्ल्यातल्या बाया ओसरीवर येऊन बघायच्या. मायने त्याच्या डब्यात मासोळी द्यायचं बंद केलं. नोकरीवाल्याच्या डब्याला वास नको. आम्ही घरी झिंग्यांचं कालवण आणि भात ओरपायचो आणि भाऊ वांग्याची सुकी भाजी घेऊन जायचा, तीच, जिला बघून लहानपणी तो तोंड वाकडं करायचा.

आणि मग ती घंटा वाजायला लागली.

पहिल्यांदा कोणी ऐकली ते सांगता येत नाही. ढग भरून आले होते, वारा नदीकडून होता, आणि सकाळी अकराच्या सुमाराला, चुली विझून बाया जरा टेकल्या असताना, जुन्या गावाच्या बाजूने टोल आले. बारीक, पण चुकायचे नाहीत असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पाचलाही वाजते. ज्या गावात कुत्रंसुद्धा उरलं नाही तिथे शाळा भरत होती आणि सुटत होती. सूप हातातच धरून बाया थांबायच्या. "गाव बलावून राहिलं आपल्याले," शेजारची भागाबाई म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिकडे शेण्या वेचायलाही कोणी जाईना. बासुद्धा मासोळीला वरच्या अंगाने जाऊ लागला. मायने उंबऱ्यावर भाताचा गोळा आणि वर मिरची ठेवायला सुरुवात केली. मी भित्री नव्हते, पण अकरा वाजत आले की मी काहीतरी आवाज करणारं काम काढायचे, भांडी घासायचे किंवा मसाला वाटायचे. भाऊला घंटेबद्दल सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "वारा असन." आणि पुन्हा वाढून घेतलं नाही.

माझं स्वतःचं घोडं त्या दिवसांत कुठे अडलं होतं तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. मी बारावी पास झाले होते आणि मला भंडाऱ्याला कॉलेजात जायचं होतं. बाने कधीचं ठरवून टाकलं होतं. भाऊची पदवी कामाला आली तर निर्मला शिकेल, नाहीतर ती मायसोबत बाजारात मासोळी घेऊन बसेल. भाऊ लागला तसा बा म्हणाला, "फारम आन." माझं कॉलेज भाऊच्या नोकरीवर उभं होतं. प्रवेशाची शेवटची तारीख ऑगस्टमध्ये होती, आणि मी बोटांवर दिवस मोजत होते.

आता सायकल. भाऊची सायकल धुवायचं काम माझ्याकडे होतं. मास्तराची सायकल स्वच्छ हवी. शहापूरकडचा रस्ता मुरमाचा, लाल. पण चाकांना रोज चिकटून यायची ती काळी, चिवट कन्हार माती, जी आमच्याकडे फक्त नदीकाठी आहे. चार दिवस मी ती काडीने खरवडून काढली आणि काही बोलले नाही. कसला संशय आला होता ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. कदाचित एखादी पोरगी असेल असं वाटलं. पाचव्या दिवशी, घरी शेण्यांचं निमित्त सांगून, मी चाकांच्या खुणेमागे चालत निघाले.

खूण सरळ जुन्या गावात गेली. धानाच्या बांधी रोवणीवाचून पडीक होत्या, त्यांत गुडघाभर गवत. गल्लीत दोन्ही बाजूंना आमची घरं उभी होती, दारं नाहीत, छपरं नाहीत. प्रत्येक घर तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसासारखं दिसत होतं. आमच्या घरासमोरून गेले तेव्हा चुलीच्या जागी अळू उगवलेलं होतं. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, नुसता पांढरा उजेड. आणि या सगळ्या पडझडीत शाळेपुढचं अंगण झाडलेलं होतं. खराट्याच्या ताज्या रेघा होत्या. कडुलिंबाखाली एक पानही पडलेलं नव्हतं. मी तिथे पोचले आणि माझ्या डोक्यावर घंटा वाजली.

भाऊच वाजवत होता. इस्त्रीचा शर्ट, पॅन्ट, पायात बूट. अकरा टोल देऊन त्याने लोखंडी दांडी झाडाला टेकवून ठेवली, हात रुमालाला पुसले आणि वर्गात गेला. मी खिडकीच्या भोकाखाली भिंतीला चिकटून बसले. आत टाकून दिलेलं एक टेबल होतं, तीन पायांवर आणि चौथ्या जागी विटा. त्यावर जुनी हजेरीपटाची वही. भाऊने पेन उघडलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली. पोरांची नावं. ती पोरं आता मोठी होऊन नव्या गावात संसाराला लागली होती. प्रत्येक नावानंतर तो थांबायचा, जेवढं पोराला उत्तर द्यायला लागतं तेवढंच, आणि वहीत खूण करायचा. आवाज खणखणीत होता. घरी तो असा कधीच बोलत नसे. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, तो किती चांगला मास्तर झाला असता हेही कळत होतं. मग तो म्हणाला, "निर्मला." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हजर."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. भाऊने मान वर केली नाही. खूण केली आणि पुढचं नाव घेतलं, "सुमन." सुमन माझ्या बाकावरची. चौथीत असताना ती डोहात बुडून गेली. भाऊ थांबला, इतरांसाठी थांबला त्याहून जरा जास्त. मला काहीही ऐकू आलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. भाऊ मात्र हलकेच हसला, "जोरानं बोल," म्हणाला, आणि खूण केली.

मी पळाले. काट्याकुट्यांतून, बांधीतून. घरी येऊन मायला सांगितलं, शेण्या ओल्या होत्या.

आणि गप्प बसले. या वयात ही गोष्ट लिहायला घेतली ती या एका वाक्यासाठीच. मी गप्प बसले, कारण भाऊची नोकरी खोटी निघाली तर माझं कॉलेज गेलं. आठ दिवस मी त्याचा डबा भरला, सायकल पुसली, त्याला रस्त्यापर्यंत जाताना बघितलं. तोही माझ्याकडे बघायचा. आपल्याला उत्तर मिळालं ते कुठून, हे त्याला माहीत होतं की नाही, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. रात्री जेवताना बा विचारायचा, "आज काय शिकोलास रे पोट्ट्याईले?" आणि भाऊ सांगायचा, आज नद्या शिकवल्या, आज भागाकार. मी ताट उचलून उठायचे. आठव्या दिवशी जीप फिरवून दवंडी दिली. धरणाची दारं खाली केली आहेत, पाणी जुन्या गावात शिरतंय, कोणी तिकडे जाऊ नये. लोकांनी कान टवकारले. तिसरा प्रहर झाला होता. सकाळी अकराची घंटा वाजली होती.

बा ओसरीत जाळं विणत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. माती, घंटा, हजेरी, आणि आठ दिवस मला माहीत होतं हेही. मला वाटलं, मारेल. त्याने हातातली सुई जाळ्यात खोचली. त्याने वळचणीकडे बघितलं, जिथे भाऊचं बिनशिशाचं जाळं होतं. मग म्हणाला, "चाल."

त्याने नदीकाठचा आपला डोंगा सोडला. तो वल्हवत होता, मी पुढे बसले होते, आणि डोंगा आमच्याच गल्लीतून चालला होता. पाणी आवाज न करता घराघरांत शिरत होतं. कुठे खळखळ नाही की लाट नाही, नुसतं भिंतीवर ओल चढत होती. एका घराच्या कोनाड्यातून बेडूक आमच्याकडे बघत होता. आपल्या घरासमोर बाने वल्हं क्षणभर थांबवलं आणि पुन्हा चालवलं. शाळेच्या पायरीला डोंगा टेकला. आत भाऊ टेबलामागे बसला होता. घोट्यापर्यंत पाणी, पॅन्ट दुमडलेली, बूट टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले. तो वहीत लिहीत होता.

मी "भाऊ" म्हणून ओरडणार, तेवढ्यात बाने माझा दंड धरला. त्याने उंबऱ्यापाशी चपला काढल्या. आयुष्यात कधी शाळेत पाय न ठेवलेला माणूस, पायातलं बाहेर काढून आत जायचं एवढं त्याला माहीत होतं. चपला तरंगत डोंग्याकडे निघून गेल्या. बा हात जोडून टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, एक अर्ज होता."

भाऊने वर बघितलं. त्याने बाला ओळखलं की नाही, मला कळलं नाही. "कशाचा?"

"सुट्टीचा. माह्या पोराचा. हरिदास नाव हाये त्याचं. लय दिवस झाले जी, एक दिवस सुट्टी नाई घेतली त्यानं. थकला हाये. त्याले घरी नेतो म्हनतो."

"किती दिवसांची पाहिजे?"

"साहेबाच्या मनाले येईन तेवढी."

"अर्ज लेखी लागते," भाऊ म्हणाला.

"मले लिहिता येत नाई, साहेब," बा म्हणाला. "माही पोरगी लिहिन."

भाऊने वहीचं मागचं कोरं पान फाडलं आणि पेन माझ्यापुढे केलं. मी भिंतीला कागद धरून लिहिलं. पाणी पोटरीला लागलं होतं. भाऊने कागद घेऊन वाचला आणि म्हणाला, "विषय लिहिला नाई." मी वर विषय लिहिला. बाने पेनाच्या शाईत अंगठा भिजवून खाली टेकवला. मग भाऊने शांतपणे शेरा मारला, सही केली, पेनाला टोपण लावलं, बूट हातात घेतले आणि उठला. त्यानंतर मी आयुष्यात किती अर्ज लिहिले त्याची गणती नाही. जागेवर मंजूर झालेला तो एकच.

डोंगा गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा पाठीमागे घंटा वाजली. एकच टोल. मी वळणार होते. "मांगं नोको पाहू," बा म्हणाला. "पान्यानं हालली असन." पाणी तेव्हा कडुलिंबाच्या नुसत्या बुंध्याला लागलं होतं, घंटा डोक्याच्या उंचीवर होती. भाऊ मात्र सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "पाच वाजले."

त्या रात्री मायने मरळ मासोळी केली आणि भाऊ तीनदा वाढून घेऊन जेवला. मोहल्ल्यात सांगितलं की शाळा बंद पडली, आणि तेही सगळ्यांना पटलं, कारण शाळा बंद पडायच्याच. पाच-सहा दिवसांनी बा शिशाचा डबा घेऊन बसला आणि एकेक मणी जाळ्याला परत ओवू लागला. थोड्या वेळाने भाऊ त्याच्याजवळ जाऊन बसला आणि दुसऱ्या टोकाकडून ओवू लागला. मी माझा फॉर्म आणला आणि चुलीपाशी ठेवला, जाळायला.

"काहून?" बाने विचारलं.

"तूच म्हनला होता न. भाऊची पदवी कामाले आली तं."

बा शिसं ओवत राहिला. "शिकून तुले नोकरी लागन काय?"

"मले नाई माहीत," मी म्हणाले.

"मंग जाय," बा म्हणाला. "याले माहीत होतं. याले पक्कं माहीत होतं का लागतेच."

मी बी.ए. झाले. पुढे एका शाळेच्या ग्रंथालयात लागले, ज्या जागेला दहावी पास पुरत होतं. माझं पदवीचं प्रमाणपत्र आजवर कोणी मागितलेलं नाही. हल्ली मोहल्ल्यातली पोरं येतात, विचारतात, "आत्या, डिग्री करून काही फायदा हाये का?" त्यांचे चेहरे बघून मला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणवत नाही. मी त्यांना बाचाच प्रश्न विचारते आणि त्यांचं उत्तर ऐकते. ज्याला खात्री असते त्याची मला काळजी वाटते.

बा गेला, माय गेली. भाऊ आता धरणाच्या पाण्यात मासोळी धरतो. मच्छीमार संस्थेचे सगळे अर्ज तोच लिहितो, विषय कधी विसरत नाही. कधीमधी मी त्याच्या डोंग्यात बसते. जुन्या गावाच्या वर आलो की तो वल्हं थांबवतो. खाली काही दिसत नाही, हिरवं पाणी आणि त्याखाली काळं. तिथे जाळं तो कधीच फेकत नाही. तो रजेचा अर्ज माझ्याकडे पेटीत आहे, बाच्या अंगठ्याचा, भाऊच्या शेऱ्याचा. "रजा मंजूर. हजर होण्याची तारीख मागाहून कळवण्यात येईल."

गेल्या खेपेला तिथेच थांबलो असताना त्याने कान देऊन काहीतरी ऐकल्यासारखं केलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "निर्मला, माही सुट्टी संपली तं नाई न?"

त्याच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. नव्हतं.

"नाई भाऊ," मी म्हणाले. "वाढवून देल्ली."

त्याने मान हलवली आणि वल्हं पाण्यात घातलं.